बटाट्याचें पान व नत्राची भूक

पिकास खत केव्हां घालावें व किती घालावें हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरीं दर हंगामांत निघतो, आणि बहुधा त्याचा निकाल शेजाऱ्याच्या बांधाकडे पाहून लागतो. शेजाऱ्यानें युरिया टाकला म्हणून आपणही टाकला; त्याचें पीक काळेंभोर दिसलें म्हणून आपण आणखी एक पिशवी आणली. ह्या रीतींत शेजारधर्म पुष्कळ असेल, परंतु पिकास कोणीं विचारलेलें नसतें. पिकास विचारतां येतें काय, आणि विचारल्यास तें काय सांगतें, हें बटाट्याच्या उदाहरणानें दाखवावें असा आमचा हेतु आहे. विद्यार्थ्यांस ह्यांत पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पतिशास्त्र व अंकगणित ह्या चारही विषयांचा उपयोग दिसून येईल. आणि ज्या पालकांचें शेत आहे त्यांच्या दृष्टीनें हा विषय पैशाचा तर आहेच, पण पिण्याच्या पाण्याचाही आहे.

माकणीच्या शिवारांत बटाटा हें मुख्य पीक नव्हे हें आम्ही जाणतो. धाराशिव जिल्ह्याच्या ह्या भागांत ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन व पाण्याच्या सोयीप्रमाणें ऊंस हींच नेहमींचीं पिकें. येथील भारी काळी जमीन ओली असतां पायास चिकटते व वाळली म्हणजे भेगाळते. बटाट्यास तर भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी माती लागते. तरी पण तेरणा नदीवर माकणीजवळ निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण आहे. ज्यांच्या शेतास किंवा विहिरीस पाण्याचा आधार आहे व ज्यांच्याकडे मध्यम जमिनीचा एखादा तुकडा आहे, त्यांनीं हिंवाळ्यांत चार सऱ्या बटाटा लावून पाहण्यास हरकत नाहीं. महाराष्ट्रांत ह्या पिकाचें माहेर म्हणावयाचें तर तें पुणें जिल्हा होय. तेथें आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर पेठ, कुरवंडी वगैरे गांवांचे शेतकरी पावसाळ्यांतही बटाटा पिकवितात. मूळचा हा कंद दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरचा. आपल्याकडे त्यास जें नांव मिळालें तें पोर्तुगीज भाषेंतून आलें. उत्तरेकडील लोक ज्यास आलू म्हणतात त्यास आम्ही बटाटा म्हणतों तें ह्याच कारणानें.

आमच्या ह्या पाठास बटाटाच निवडण्याचें कारण असें कीं, हें पीक सुमारें तीन महिन्यांत आपला सर्व हिशेब उरकतें, आणि नत्र कमी पडलें तरी व अधिक झालें तरी दोन्ही गोष्टी कंदावर उमटतात. नत्र कमी पडल्यास पाला खुरटतो, व पाला खुरटला म्हणजे कंदास अन्न पुरविणारे हातच कमी झाले. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो, कंद धरण्यास उशीर होतो, काढणीच्या वेळीं साल कोंवळी राहते, कंदांत पाण्याचा अंश वाढतो व साठवणींत तो लवकर सडतो. लागवडीनंतर सुमारें एक महिन्यानें वरंब्यास मातीची भर देतात. त्याच सुमारास जमिनींत कंद धरूं लागतात, आणि नत्राचा दुसरा हप्ताही तेव्हांच द्यावयाचा असतो. तेव्हां शेतकरी बांधावर उभा आहे, शेजारीं युरियाची पिशवी आहे, आणि प्रश्न एवढाच आहे कीं, ती फोडावी कीं न फोडावी?

तो पानाकडे पाहतो, व तें त्याचें करणें योग्यच आहे. पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें. ह्या द्रव्याच्या एका रेणूची रचना पाहिली तर मध्यभागीं मॅग्नेशियमाचा एक अणु असून त्याच्याभोंवतीं नत्राचे चार अणु चौकडीसारखे बसलेले असतात. जर्मनींतील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्स्टेटर ह्यांस १९१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें मुख्यत्वें ह्या द्रव्याच्या अभ्यासाबद्दल होय. आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याचीही ठेवण अशीच आहे. तेथें मॅग्नेशियमाच्या जागीं लोह बसलेलें असतें, इतकाच मुख्य भेद. गवताच्या पात्यांत व मनुष्याच्या शिरांत एकाच कारागिराचा हात दिसावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु येथें एक समजूत आधींच दुरुस्त केली पाहिजे. पानांतील सगळें नत्र हरितद्रव्यांत असतें असें नाहीं. त्याचा अगदीं लहान अंश तेथें असतो. बहुतेक नत्र पानाच्या प्रथिनांत गुंतलेलें असतें, व हीं प्रथिनेंच सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कर्बवायूपासून साखर करण्याचें काम चालवितात. नत्र कमी झालें म्हणजे प्रथिनें व हरितद्रव्य हीं दोन्ही बरोबरच उतरतात, म्हणून हिरवेपणा हा नत्राचा साक्षीदार होतो. साक्षीदार, प्रत्यक्ष धनी नव्हे! साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, ती कशी तें पुढें येईलच.

हरितद्रव्य डोळ्यांनीं पाहावयाचें असल्यास प्रयोगशाळेंत एक सोपा प्रयोग करतां येतो. पान प्रथम उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुडवावें. नंतर तें स्पिरिट घातलेल्या परीक्षानळींत ठेवून ती नळी गरम पाण्याच्या भांड्यांत उभी करावी. थोड्याच वेळांत स्पिरिट हिरवें होतें व पान पांढुरकें पडतें. स्पिरिट पेट घेतें, म्हणून पाणी आधीं तापवून दिवा विझवावा व मगच नळी आंत सोडावी, आणि हें सर्व शिक्षकांच्या समक्षच करावें. एक पान पिकाच्या हिरव्यागार भागांतलें व एक फिकट भागांतलें अशीं सारख्या आकाराचीं दोन पानें दोन नळ्यांत घेतलीं तर दोन्ही नळ्यांतील रंगांचा फरक चटकन् कळतो.

पान मात्र प्रत्येक वेळीं उकळीत बसणें शेतांत शक्य नाहीं. ह्यास्तव जपानांतील मिनोल्टा कंपनीनें १९८० च्या दशकांत हातांत मावणारें एक यंत्र काढलें. त्यास स्पॅड मीटर म्हणतात. कपडे वाळत घालतांना चिमटा लावतात तसें हें यंत्र पानावर चिमटीत धरावयाचें. त्याच्या एका जबड्यांतून दोन प्रकारचे किरण आळीपाळीनें निघतात. एक तांबडा, व दुसरा तांबड्याच्याही पलीकडचा, जो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. हरितद्रव्य तांबडा किरण गिळतें, दुसऱ्यास मात्र तें बहुतेक अडवीत नाहीं. पानाच्या जाडीमुळें जो अडथळा होतो तो दोघांसही होतो. म्हणून पलीकडे दोन्ही किरण किती पोंचले ह्याची तुलना करून यंत्र एक अंक दाखवितें. अंक मोठा तर हरितद्रव्य अधिक. पान तोडावें लागत नाहीं, व दोन सेकंदांत काम होतें. यंत्राच्या डोळ्यापुढें पानाचा भाग येतो तो अवघा दोन मिलिमीटर रुंद व तीन मिलिमीटर लांब, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान.

एवढ्याशा ठिपक्यावरून एकरभर पिकाचा न्याय करावयाचा म्हणजे किती सांभाळून करावा लागेल ह्याची कल्पना करा. बटाट्याचें पान संयुक्त असतें. एका देठावर कित्येक पर्णिका असतात. शेंड्यापासून मोजीत खालीं आलें कीं साधारणपणें चौथें पान पुरतें उमललेलें सांपडतें. त्याच्या टोकाची पर्णिका घ्यावी, आणि मधली शीर व कडा ह्यांच्या दरम्यान यंत्र धरावें. शीर, भोंक, डाग टाळावे; धूळ पुसावी; दंव असतां मोजूं नये. आज सकाळीं नऊ वाजतां मोजलें तर पुढच्या आठवड्यांतही नऊच्याच सुमारास मोजावें. पाण्याचा ताण पडून पानें माना टाकीत असतील तर त्या दिवशीं यंत्र घरींच ठेवावें. शेतांतून नागमोडी चालत निदान तीस झाडें घ्यावीं. केवळ बांधालगतचीं, रस्त्याकडचीं किंवा आपल्यास आवडलेलीं झाडें घेऊं नयेत. मनुष्याचा हात नकळत चांगल्या झाडाकडेच जातो.

इतकें करून सरासरी अंक आला, समजा ४१. आतां ह्या ४१ चा अर्थ काय? विद्यार्थ्यांनो, प्रामाणिक उत्तर असें आहे कीं, ह्या एकट्या अंकाचा अर्थ कांहींच नाहीं. एका जातीचें पान मुळांतच गडद असतें, दुसरीचें फिकट. तीस दिवसांच्या पिकाचा अंक व साठ दिवसांच्या पिकाचा अंक एक नसतो. वय वाढतें तसा तो पोटभर नत्र मिळालेल्या पिकांतही उतरत जातो. निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं बटाट्याकरितां निरनिराळ्या मर्यादा दिल्या आहेत, व त्या प्रत्येकाच्या जमिनींत, जातींत व हवेंत खऱ्या असतील. पण परदेशांतील अंक उचलून माकणीच्या शेतास लावणें म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचें माप देऊन आपला सदरा शिवविण्यासारखें आहे.

तेव्हां माप आपल्याच शेतांत तयार केलें पाहिजे. त्याची युक्ति अगदीं साधी आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्व विद्येंतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. लागवडीच्या वेळींच शेताच्या मध्यावर दोन सऱ्यांचा एक पट्टा निराळा राखावा, व त्या पट्ट्यास इतर शेतापेक्षां अधिक नत्र देऊन ठेवावें, म्हणजे तेथील झाडांस नत्राची उणीव कधींच भासूं नये. जात तीच, जमीन तीच, पाणी तेंच, वय तेंच; भेद केवळ नत्राचा. ह्यास आपण तृप्त पट्टा म्हणूं. मग दर आठवड्यास तृप्त पट्ट्याचा अंक व शेताचा अंक शेजारीं शेजारीं मांडावे. नेब्रास्का ह्या अमेरिकेंतील प्रांतांत मक्याच्या पिकावर १९९० च्या सुमारास हीच रीत बसविण्यांत आली, व तेथें असा नियम ठरला कीं, शेताचा अंक तृप्त पट्ट्याच्या अंकाच्या शेंकडा ९५ च्या खालीं गेला तर पीक उपाशी समजावें. बटाट्यासही तुलनेची हीच पद्धति लावतात.

आतां अंकगणित. पुढील अंक आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत, व सोयीसाठीं तिसांच्या ऐवजीं दहाच पानें घेतलीं आहेत. शेतांतील दहा पानांचे अंक ४१, ४३, ४०, ४४, ४२, ३९, ४३, ४१, ४२, ४० असे आले. बेरीज ४१५, सरासरी ४१.५. तृप्त पट्ट्यांतील दहा पानांचे अंक ४५, ४४, ४६, ४३, ४५, ४४, ४७, ४४, ४५, ४२ असे आले. बेरीज ४४५, सरासरी ४४.५. ४१.५ ला ४४.५ नें भागून शंभरानें गुणलें तर सुमारें ९३.३ येतात. म्हणजे पीक मर्यादेच्या खालीं आहे व त्यास नत्र हवें आहे. आतां पाहा, शेतांतलें फक्त चौथें पान घेतलें असतें तर ४४ मिळाले असते व खत नको असें ठरलें असतें. सहावें घेतलें असतें तर ३९ मिळून घबराट उडाली असती. सरासरी कां काढतात असें जे विद्यार्थी आम्हांस वर्गांत विचारतात, त्यांनीं हीं दोन पानें ध्यानांत ठेवावीं.

तृप्त पट्ट्याचा खर्च किती, हें पालक विचारतील. वरंब्यांतील अंतर ६० सेंटिमीटर व सरीची लांबी ३० मीटर धरली, तर दोन सऱ्यांचें क्षेत्र ३६ चौरस मीटर झालें. हेक्टरी ५० किलो नत्र अधिक द्यावयाचें म्हणजे चौरस मीटरास ५ ग्रॅम. एकूण १८० ग्रॅम. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें, म्हणून युरिया लागला सुमारें ३९० ग्रॅम. एका तांब्यांत मावेल इतक्या खतावर सबंध शेताचें माप मिळतें!

यंत्राची किंमत मात्र लहान शेतकऱ्याच्या आवाक्यांतली नाहीं. म्हणून फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें भाताकरितां, जपानांतील मूळ कल्पनेवरून, चढत्या हिरव्या रंगांची एक प्लॅस्टिकची पट्टी प्रचारांत आणली. पान त्या पट्टीशीं ताडून पाहावयाचें. पट्टी स्वस्त आहे व चांगली आहे. पण ती भाताच्या पानासाठीं केलेली आहे, आणि भातास लागू असलेला तिचा रंगांक बटाट्यास लावूं नये. बटाट्यास पट्टीवांचूनही काम चालतें, जर तृप्त पट्टा असेल तर. मनुष्याच्या डोळ्यास एक हिरवा रंग पाहून दुसऱ्या दिवशीं तो आठवणें साधत नाहीं. परंतु दोन हिरवे रंग शेजारीं ठेवले असतां त्यांतील बारीकसा भेदही तो ओळखतो. शेतांतून दहा व तृप्त पट्ट्यांतून दहा पर्णिका तोडून आणाव्या, सावलींत पांढऱ्या कागदावर दोन ओळींत मांडाव्या, व घरांतील तिघांस निरनिराळें बोलावून कोणती ओळ गडद आहे तें विचारावें. कोणती ओळ कोठली हें सांगणाऱ्यास ठाऊक असूं नये. तिघेही एकच ओळ दाखवितील व ती तृप्त पट्ट्याची असेल, तर शेत उपाशी असल्याचा संशय बळकट झाला. तिघांचीं तीन मतें पडलीं तर बहुधा घाई नाहीं. आठवड्यानें पुन्हां पाहावें. फोनवर छायाचित्र काढावयाचें असल्यास दोन्ही ओळी एकाच छायाचित्रांत घ्याव्या, कारण फोन प्रत्येक वेळीं रंग आपल्या मर्जीप्रमाणें बदलतो. मुलांनीं हा प्रयोग घरीं करावा असें आम्ही सुचवितों. वडिलांस शिकवावयास जाऊं नये. पानें मांडून आजोबांसच विचारावें.

आतां त्या उलटतपासणीकडे वळूं. अंक उतरला म्हणजे नत्रच कमी आहे असें नव्हे. यंत्रास फक्त हिरवेपणा कळतो. तो कां गेला हें कळत नाहीं. तें काम डोळ्याचें व विचाराचें आहे. नत्र हें झाडांत एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतां येतें. टंचाई पडली कीं झाड खालच्या जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याच्या कोंवळ्या पानांस पाठवितें, जसें दुष्काळांत घरांतील वडील माणसें आपल्या ताटांतील भाकरी मुलांच्या ताटांत सरकवितात. म्हणून नत्राच्या उणिवेंत पिवळेपणा खालून वर चढतो, व सबंध पान सारखें फिकट होतें. लोह मात्र एकदां पानांत बसलें कीं तेथून सहसा हलत नाहीं. लोहाच्या उणिवेंत जुनीं पानें हिरवींच राहतात, शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं पडतात, आणि त्यांतही शिरा हिरव्या राहून मधली जागा तेवढी पिवळी होते. आमच्या भागांतील चुनखडीच्या काळ्या जमिनींत हा प्रकार विशेष संभवतो. तेथें जमिनींत लोह नसतें असें नाहीं, चुन्यामुळें तें मुळांस घेतां येत नाहीं. अशा पिकास युरिया घालणें म्हणजे तहानलेल्यास जेवावयास वाढणें. सोयाबीन पिवळें पडलें कीं युरिया शिंपणारे पुष्कळ आहेत. त्यांनींही शेंड्याकडे एकदां पाहावें. सोयाबीन, तूर व हरभरा ह्यांस तर मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतून नत्र मिळवून देत असतात.

पाणी साचल्यानेंही पान पिवळें होतें. मुळांचा श्वास कोंडला म्हणजे जमिनींत असलेलें अन्नही त्यांस घेतां येत नाहीं, व तेथें खताची पिशवी नव्हे, पाण्यास वाट काढणारें फावडें लागतें. जुन्या पानांवर गोल, वलयावलयांचे करडे डाग असतील तर तो करप्याचा रोग होय. एखादेंच झाड फिकट, चट्टेदार किंवा पानें वळलेलें, आणि शेजारचें झाड धडधाकट, असें दिसलें तर बियाण्यांतून आलेल्या किंवा माव्यानें पसरविलेल्या विषाणूचा संशय घ्यावा. नत्राची भूक अशी झाड निवडून येत नाहीं. ती ओळीच्या ओळी, वाफेच्या वाफे धरते. तृप्त पट्ट्याचा दुसरा उपयोग येथेंच कळतो. शेत पिवळें व पट्टाही तितकाच पिवळा असेल तर दुखणें नत्राचें नाहीं हें निश्चित समजावें.

ह्या यंत्राची एक मोठी मर्यादा सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. नत्र वाढत जातें तसा अंकही वाढतो, पण कोठवर? झाडाची गरज भागेपर्यंत. त्यापुढें कितीही नत्र घातलें तरी हरितद्रव्य फारसें वाढत नाहीं. जादा नत्र झाड देठांत व पानांत नायट्रेटच्या रूपानें सांठवितें, किंवा तें जमिनींतच राहतें. म्हणजे यंत्र भूक सांगतें, अजीर्ण सांगत नाहीं. दोन पिशव्या घातलेलें शेत व चार पिशव्या घातलेलें शेत ह्या दोहोंचा अंक सारखाच येईल, व चार पिशव्यांचा धनी यंत्राकडे पाहून समाधानानें घरीं जाईल. जादा नत्र ओळखावयाचें तर देठांतील रसाची किंवा जमिनीची नायट्रेटसाठीं परीक्षा करावी लागते.

आणि तें जादा नत्र जातें कोठें? नायट्रेट पाण्यांत सहज विरघळतें, व मातीच्या कणांस चिकटून राहत नाहीं. पाऊस व पाटाचें पाणी त्यास खालीं नेतें, व खालीं आपल्या विहिरी आहेत. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत डॉक्टर कॉम्ली ह्यांनीं असें दाखवून दिलें कीं, नायट्रेट असलेल्या विहिरीच्या पाण्यांत वरचें दूध कालवून पाजलेलीं तान्हीं बाळें निळीं पडतात. नायट्रेटपासून पोटांत होणारा पदार्थ रक्तांतील त्या लोहयुक्त द्रव्यास प्राणवायु वाहण्यास असमर्थ करतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. पाणी उकळलें तर जंतु मरतात, पण नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटल्यानें तें अधिक दाट होतें. ज्या घरीं सहा महिन्यांच्या आंतील बाळ अंगावरच्या दुधावर नाहीं व विहीर शेतांतच आहे, त्या घरच्या मंडळींनीं पाण्याची एकदां तपासणी करवून घ्यावी.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजू हिशेबाची आहे, व ती फार थोड्यांच्या लक्षांत येते. समजा विहिरीच्या पाण्यांत लिटरास ४५ मिलिग्रॅमच नायट्रेट आहे. नायट्रेटच्या ६२ भागांत नत्र १४ भाग असतें, म्हणून एका लिटरांत नत्र झालें सुमारें १० मिलिग्रॅम. पांच सेंटिमीटर खोलीची एक पाळी दिली म्हणजे हेक्टरास पाणी लागलें पांच लक्ष लिटर, व त्याबरोबर नत्र गेलें ५ किलो. अशा दहा पाळ्यांत ५० किलो! म्हणजे शेतकरी ज्या नत्राकरितां दुकानासमोर रांगेंत उभा राहतो, तें त्याच्याच विहिरींतून आपोआप येत असेल. गेल्या सालीं त्यानेंच घातलेलें नत्र परत येत असेल असेंही म्हणतां येईल. असें शेत ९५ च्या वर राहिलें तर त्यांत नवल नाहीं. शेणखत भरपूर घातलेल्या शेताचेंही असेंच होतें, कारण शेणखतांतील नत्र हळूहळू सुटत राहतें.

अंक खालीं आला व इतर कारणें तपासून नाहींशीं झालीं, तर मात्र कुचराई करूं नये. हेक्टरी ५० किलो नत्राचा हप्ता ठरविला असेल तर युरिया लागतो सुमारें १०९ किलो. एकरीं ४४ किलो, म्हणजे जवळजवळ ४५ किलोंची एक पिशवी. ती एकदम न देतां अर्धी भर देतांना व उरलेली दहा-बारा दिवसांनीं पुन्हां मोजून दिली तर अधिक चांगलें. युरिया उघड्यावर पसरून ठेवूं नये. चुनखडीच्या जमिनीवर तो उघडा राहिला तर त्याचा अमोनिया होऊन हवेंत उडून जातो, आणि मग अंक वाढला नाहीं म्हणून लोक आणखी युरिया आणतात. वरंब्याच्या बगलेस टाकून लागलीच मातीची भर द्यावी व हलकें पाणी सोडावें. परिणाम दुसऱ्या दिवशीं दिसत नाहीं. पानाचा रंग फिरण्यास आठवडाभर तरी वाट पाहावी.

मोजणीस आरंभ लागवडीनंतर चौथ्या आठवड्यांत करावा, व साठ दिवसांच्या सुमारास ती थांबवावी. त्यानंतर पाला आपल्या वयानें पिवळा पडूं लागतो, पानांतील नत्र व साखर कंदांत उतरूं लागतात, आणि त्या वेळीं उतरलेला अंक पाहून जो युरिया घालील तो निजावयास निघालेल्यास पुन्हां कामास उठवील. शेवटीं पाणी तोडावें, पाला कापावा, आणि कंद दहा-बारा दिवस मातींतच राहूं द्यावे. आंगठ्यानें घांसून साल निघत नाहीं असें झालें म्हणजे काढणी करावी. काढतांना तृप्त पट्ट्याचे बटाटे निराळे ठेवून त्यांचें वजन करावें, व तेवढ्याच लांबीच्या दोन शेजारच्या सऱ्यांच्या वजनाशीं तें ताडून पाहून दोन्ही आंकडे वहींत लिहून ठेवावे. पुढील हंगामांत पिशव्या किती आणावयाच्या तें त्या पानावरून ठरवितां येईल.